घरजावयाचा इतिहास

घरजावई ही संस्था आपल्याकडे आता फारशी दिसत नाही, असं लोक म्हणतात. ज्यांना ती पाहायची असेल त्यांनी खेळ खेळण्यासाठी घरच्या घरी जुळवलेला एखादा संगणक उघडून पाहावा. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू खरा, पण बिचाऱ्याला स्वतःचं घर नसतं. मदरबोर्डावरच्या सॉकेट नावाच्या चौकोनी खोलीत तो राहायला येतो. आणि मदरबोर्ड नावाने आई असली, तरी वागणं सगळं सासूचं! जावयाने वीज किती प्यायची, मेमरी कोणती वापरायची, पळायचं किती वेगाने, हे तीच ठरवणार. पुढे जावई बदलायचा म्हटलं, तर बहुतेक वेळा सासूही बदलावी लागते. हे असं का, याला इतिहास आहे आणि तो भाऊबंदकीचा आहे.

इंटेल आणि एएमडी ही दोन्ही घराणी मूळची एकाच वाड्यातली. कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या कंपनीतून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर १९६८ साली बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. पुढच्याच वर्षी त्याच वाड्यातले जेरी सँडर्स आणि सोबती वेगळे झाले, ती एएमडी. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, त्यात इंटेलचा ८०८८ होता. पण आयबीएम पक्की संसारी. एकाच गवळ्याच्या भरवशावर दुधाचा रतीब लावायचा नाही, हा तिचा बाणा. तेव्हा १९८२ साली करार झाला आणि इंटेलच्या पद्धतीचे प्रोसेसर एएमडीही बनवू लागली.

३८६ च्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला. एएमडीने १९९१ साली आपला ३८६ बाजारात आणलाच. मग रीतसर कोर्टकचेऱ्या. ‘३८६’ हा आकडा कुणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असं कोर्टाने सांगितल्यावर इंटेलने ५८६ हे नाव सोडून १९९३ साली ‘पेंटियम’ असं बारसं केलं. आता ग्रीक भाषेत पेंटे म्हणजे पाच. एवढा घाट घालून पोराचं नाव काय ठेवलं, तर पाचवा!

गंमत म्हणजे, एवढी भांडणं होऊनही १९९५ साली आलेल्या सॉकेट ७ वर सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के-६, सायरिक्सचा ६एक्स८६, कुणीही यावं आणि त्याच खोलीत बिऱ्हाड करावं. गिऱ्हाईकाला खरी निवड होती ती तेव्हा.

अर्थात निवड असली की परीक्षाही आली, आणि परीक्षक असतो खेळ. १९९३ चा ‘डूम’ पूर्णांकांच्या हिशेबावर भागवून घेई. १९९६ च्या ‘क्वेक’ने अपूर्णांकांची गणितं घातली. सायरिक्सचा गडी पूर्णांकात हुशार. इतका, की १३३ मेगाहर्ट्‌झची चिप १६६ ची पाटी लावून विकली जाई. पण क्वेक काही पाटी वाचत नव्हता. अपूर्णांक समोर येताच गडी जो घामाघूम झाला, तो झालाच. पत्रिकेत काय लिहिलंय यापेक्षा आपला खेळ त्यावर कसा पळतो ते पाहावं, हा धडा तेव्हापासूनचा.

१९९७ साली इंटेलने पेंटियम टूसाठी सॉकेट मोडून स्लॉट १ आणला आणि भोवती पेटंटांचं कुंपण घातलं. एएमडीने १९९९ साली ॲथलॉनसाठी स्लॉट ए काढला. तो दिसायला तस्साच, फक्त उलटा फिरवलेला आणि आतली जोडणी निराळी. तिथे दोन घराण्यांतला रोटीबेटीव्यवहार तुटला, तो आजतागायत!

सासूचं महत्त्व मात्र १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ने पटवलं. हा गरीब घरचा जावई. बसचा वेग ६६, त्याची साडेचार पट म्हणजे ३०० मेगाहर्ट्‌झ, हा त्याचा पगार. पण ४४०बीएक्स जातीच्या मदरबोर्डावर बसवून बसचा वेग १०० केला, की हाच गडी बहुधा ४५० वर धावे. दीडपट पगारवाढ, आणि तीही साहेबाला न विचारता!

२०१७ सालची गोष्ट तर अगदी बोलकी आहे. इंटेलच्या नव्या आठव्या पिढीला खोली तीच, ११५१ टाचण्यांची. पण जुन्या मदरबोर्डावर तिला प्रवेश बंद. वीजपुरवठ्याची मांडणी बदलली, हे कारण. हौशी मंडळींनी खटपटी करून काही जोड्या नांदवून दाखवल्या, ते सोडा. त्याच वर्षी एएमडीचे रायझन एएम४ सॉकेटवर आले. २०२२ साली ५८००एक्स३डी आला तोही त्याच सॉकेटात. हाताशी ९६ एमबी कॅश, त्यामुळे दर क्षणी मेमरीच्या दारात जायला नको आणि खेळ सुसाट. बोर्ड बनवणाऱ्याने बायोस सुधारून दिला असेल, तर पाच वर्षांपूर्वीची सासू या नव्या जावयाला खुशाल घरात घेई.

माझं मत विचाराल, तर लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या पोरांनी जावयाचं रूप आणि मेगाहर्ट्‌झ जरूर पाहावेत. पण त्याआधी सासूबाईंच्या मनात आणखी एक जावई करून घ्यायचा आहे की नाही, तेवढी चौकशी करावी. लग्नाच्या बाजारात हा प्रश्न विचारला तर मार बसेल. इथे पैसे वाचतात.