सिग्नलला झोपणारं इंजिन आणि त्याच्या दोन बॅटऱ्या

आजचा विषय गाडीचा आहे, पण आपण बोलणार आहोत इतिहासच.

गाडी सिग्नलला थांबली, ब्रेक दाबून धरला, की इंजिन आपोआप बंद होतं. पाय उचलला की पुन्हा चालू. गेल्या दहा-बारा वर्षांत घेतलेल्या अनेक गाड्यांत ही सोय असते. गाडी नवी असताना ती छान चालते. मग दोन-तीन वर्षांनी कधीतरी लक्षात येतं, की अरे, हल्ली इंजिन सिग्नलला बंदच होत नाही. डॅशबोर्डवर पिवळी खूण येते. गॅरेजमध्ये सांगतात, बॅटरी बदला, आणि साधी चालणार नाही, खास लागेल. काही महागड्या गाड्यांत तर याहून चमत्कारिक निरोप येतो, की ऑक्झिलरी बॅटरी खराब झाली आहे. मालक चक्रावतो. गाडीला दुसरी बॅटरी आहे? कुठे आहे ती?

इंदूर असो, हैदराबाद असो की बंगळूर, हा प्रश्न सगळीकडे सारखाच. आणि बहुतेक वेळा संशय इंजिनावर किंवा सेल्फवर घेतला जातो. माझं म्हणणं असं, की हे दुखणं नीट समजायचं तर १९१२ सालापर्यंत मागे जावं लागतं. मोटारीतल्या बॅटरीनं नेमकं काय काम करायचं, हे तेव्हा ठरलं. पुढे शंभर वर्षांनी ते काम बदललं, आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार होते त्याला ते कुणी धड सांगितलं नाही.

त्या काळी गाडी हँडल मारून चालू करायची. आपल्याकडे जुन्या जीप आणि ॲम्बॅसेडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पुढून घालायचं ते लोखंडी हँडल आठवेल. इंजिनानं उलटा झटका दिला की हँडल मागे फिरायचं आणि मनगट मोडायचं. अमेरिकेत बायरन कार्टर नावाचा एक मोटार बनवणारा अशाच झटक्यात जखमी होऊन पुढे दगावला आणि त्यामुळे कॅडिलॅकच्या हेन्री लीलंड यांनी विजेच्या स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी कथा सांगतात. कथेतलं मीठमसाला किती ते सोडून देऊ. काम करून दाखवलं ते चार्ल्स केटरिंग यांनी, ओहायो राज्यातल्या डेटन गावात.

केटरिंग आधी दुकानांतले गल्ले बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. गल्ल्याचा खण उघडायला त्यांनी विजेची मोटर बसवली होती, आणि तिथेच त्यांना एक गोष्ट कळली होती. मोटर सतत चालवायची नसेल, क्षणभरच झटका द्यायचा असेल, तर लहानशी मोटरही भरपूर जोर लावू शकते. इंजिन फिरवायला एवढी मोठी मोटर लागेल की ती गाडीत मावणार नाही, असं इतर लोक म्हणत होते. केटरिंग यांचं उत्तर होतं, ती काही सेकंदच चालणार आहे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर आला.

आता यात बॅटरीचा वाटा काय ते बघा. शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची ही बॅटरी फ्रान्समधल्या गास्तों प्लांते यांनी १८५९ सालीच बनवली होती. केटरिंग यांनी तिला मोटारीत नोकरी दिली. नोकरीच्या अटी सोप्या होत्या. सकाळी एकदा जोर लाव, इंजिन चालू करून दे. पुढे डायनामो तुला भरत राहील आणि तू दिवसभर पोट भरून बसून राहा. या बॅटरीला हेच मानवतं. ती अर्धवट उतरलेली राहिली, तर पत्र्यांवर साचणारे शिशाच्या सल्फेटचे कण मोठे आणि कडक होत जातात, आणि मग ते चार्जिंगनंही विरघळत नाहीत. शिवाय जड आम्ल तळाला बसतं. वर पातळ, खाली दाट, असे थर पडतात, आणि पत्र्यांचा वरचा भाग नीट कामच करत नाही. साठ-सत्तर वर्षं या अटी कुणी मोडल्या नाहीत.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोल जपून वापरायची वेळ आली. उभ्या गाडीत इंजिन कशाला चालू ठेवायचं, हा प्रश्न तेव्हा इंजिनिअर मंडळींना पडला. सत्तरच्या दशकाच्या मध्याला टोयोटानं क्राउन गाडीवर एक इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवून पाहिलं. गाडी थांबून साधारण दीड सेकंद झाला की इंजिन बंद. टोकियोच्या रहदारीत सुमारे १० टक्के इंधन वाचल्याचं सांगण्यात आलं. १९८३ मध्ये फियाटनं रेगाटा गाडीत अशी सोय दिली. नव्वदच्या दशकात फोक्सवॅगनची गोल्फ इकोमॅटिक आली. ती तर चालत्या गाडीतही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद करायची! हिशेब बरोबर होता, पण फारशी विकली गेली नाही. लोक बुजले, आणि मला वाटतं ते बरोबरच होते. पुढे जाताना इंजिनाचा आवाज गप्प होणं हे चालकाच्या अंगवळणी पडणं कठीण.

मग इथे दुसरी बॅटरी येते. २००१ मध्ये जपानात पुन्हा त्याच क्राउनची एक आवृत्ती निघाली. तिच्यात नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीबरोबर ३६ व्होल्टची वेगळी बॅटरी होती. तेव्हा जगभरच्या कंपन्यांना वाटत होतं की सगळ्या गाड्याच आता ४२ व्होल्टवर जाणार. पण गाडीतला प्रत्येक दिवा, रिले, वायपरची मोटर बदलायची म्हणजे खर्च केवढा! ते स्वप्न बारगळलं. २००३ मध्ये टोयोटाच्याच छोट्या व्हिट्झमध्ये आणखी एक वाट दिसली, साध्या बॅटरीच्या जोडीला लहानशी लिथियम-आयन बॅटरी. म्हणजे जपानी इंजिनिअरांना दोन कामं एका बॅटरीवर टाकू नयेत हे कळलेलं होतं.

मग युरोपात काय झालं? तिथे २००९ साली कायदा झाला. कंपनीच्या नव्या गाड्यांचा सरासरी धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, दर किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणायचा, नाहीतर दंड. आणि हा धूर मोजायची परीक्षा कशी होती? प्रयोगशाळेत रोलरवर १,१८० सेकंद गाडी चालवायची, आणि त्यातला जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी. एसी बंद. दिवे बंद. अशा परीक्षेत थांबल्यावर इंजिन बंद करणारी गाडी आयतेच गुण मिळवणार. बीएमडब्ल्यूनं २००७ पासूनच ही सोय मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली होती. पाच-सात वर्षांत ती सगळीकडे पसरली. इंजिन नवं बनवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. नियमातली पळवाट म्हणा किंवा शहाणपण म्हणा, मला त्यात दोन्ही थोडं थोडं दिसतं.

प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र एसी चालू असतो. इथे एक छोटा हिशेब करू, कारण या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज त्यानं दूर होतो. सेल्फ मारताना बॅटरीतून समजा २०० अँपिअर जातात, पण एकच सेकंद. आता इंजिन बंद असताना पंखा, दिवे, स्क्रीन, सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मिळून समजा ३० अँपिअर खातात, आणि सिग्नल ६० सेकंदांचा आहे. पहिल्यात २००, दुसऱ्यात ३० गुणिले ६०, म्हणजे १,८००. नऊपट! लोकांना वाटतं, सारखा सेल्फ मारल्यानं बॅटरी संपते. खरी संपते ती थांबलेल्या मिनिटात. त्यात घर ते ऑफिस पाच किलोमीटर, दहा सिग्नल. पुन्हा भरायला वेळच नाही. केटरिंगच्या नोकरीच्या अटी इथे पार मोडल्या.

त्यावर दोन उपाय निघाले. पहिला, बॅटरीच जरा चिवट करायची. ईएफबी नावाच्या बॅटरीत आम्ल पातळच असतं, पण पत्र्यांना जाळीचा आधार देऊन आणि कार्बन मिसळून त्यांचं आयुष्य वाढवलेलं असतं. एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवतात. ते सांडत नाही, त्याचे थर पडत नाहीत. पण तिला उष्णता सोसत नाही. म्हणूनच बऱ्याच युरोपीय गाड्यांत ही बॅटरी इंजिनापासून लांब, डिकीत किंवा सीटखाली ठेवलेली दिसते. मे महिन्यातल्या नागपूरची कल्पना करा, म्हणजे कारण सांगावं लागणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे ऑक्झिलरी बॅटरी. सेल्फ मारताना मुख्य बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर ९-१० पर्यंत खाली येतो. सकाळी एकदा असं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण दर सिग्नलला गाणं थांबलं, स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू झाली, तर गिऱ्हाईक वैतागणार. म्हणून व्होल्वो, मर्सिडीज यांच्या बऱ्याच गाड्यांत एक छोटी बॅटरी दिली गेली. मोठी बॅटरी इंजिन फिरवत असताना छोटीनं इलेक्ट्रॉनिक्स सांभाळायचं. २०१८ च्या जीप रँग्लरमध्येही अशी दुसरी बॅटरी आहे, फ्यूजबॉक्सच्या खाली दडलेली. अमेरिकेतल्या अनेक मालकांना ती मेल्यावरच तिचा पत्ता लागला. गंमत अशी, की एरवी दोघी एकमेकींना जोडलेल्या असतात. छोटी मेली की मोठीलाही ओढून खाली आणते, आणि माणूस नवी मोठी बॅटरी घालूनही पुन्हा गॅरेजच्या दारात उभा राहतो.

आपल्याकडे महिंद्रानं २००८ च्या सुमारास स्कॉर्पिओत ही यंत्रणा आणली. २०१४ मध्ये हिरोनं स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये, क्लच दाबला की गाडी चालू. दुचाकीवर ना एसी, ना पंखा, त्यामुळे तिथे ती बरी रुळली. मोठी लाट आली सप्टेंबर २०१५ मध्ये, मारुतीच्या सियाझ डिझेलबरोबर. पुण्याच्या एआरएआयचा आकडा लिटरला २८.०९ किलोमीटर! त्याच वर्षीच्या एप्रिलपासून केंद्राची फेम योजना सुरू झाली होती, आणि अशा सौम्य हायब्रिडलाही तिच्यातून अनुदान मिळे. एप्रिल २०१७ पासून ते बंद झालं. पण त्याच सुमारास आपल्याकडेही कंपन्यांवर सरासरी धुराची मर्यादा आली, आणि मोजायची पद्धत त्या युरोपीय परीक्षेच्याच घडणीची, फक्त कमाल वेग ९०. मारुतीनं २०१८ मध्ये पेट्रोल सियाझला शिशाच्या बॅटरीजोडीला लिथियम-आयन बॅटरी दिली. म्हणजे व्हिट्झचाच मार्ग, पंधरा वर्षांनी.

ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्ली सरकारनं लाल दिव्याला गाडी बंद करा अशी मोहीम काढली. तो विचार चुकीचा नव्हता आणि ही यंत्रणाही चुकीची नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वाचलेल्या धुराचे गुण कंपनीच्या खात्यात जमा होतात, आणि चौथ्या वर्षीची बॅटरी मालकाच्या खात्यात. शोरूममध्ये मायलेज मोठ्या अक्षरांत, बॅटरीचा प्रकार मात्र कुठेच नाही.

तेव्हा व्यवहाराचं थोडं सांगतो. सिग्नलला इंजिन बंद होईनासं झालं, तर लगेच घाबरू नका. इंजिन थंड असेल, एसीवर ताण असेल, सीटबेल्ट लावलेला नसेल, तरीही यंत्रणा नकार देते. पण आठवडाभर मोकळ्या रस्त्यावर चालवूनही ती गप्पच असेल, तर बहुधा बॅटरी उतरणीला लागली आहे. हा इशारा फुकट मिळालेला आहे, कारण अशी बॅटरी सकाळी इंजिन अजून चालू करून देते. रात्रभर उभ्या गाडीत मोजलेला व्होल्टेज १२.६ च्या आसपास हवा. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी.

बदलताना पूर्वी होती त्याच प्रकारची घ्या. एजीएमच्या जागी साधी घातली तर पैसे वाचतात, पण थोडेच दिवस. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद कॉम्प्युटरला द्यावी लागते, नाहीतर तो म्हातारीला देतो तसंच चार्जिंग तरुणीलाही देत राहतो. मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तो आत-बाहेर जाणारी वीज मोजतो. बाहेरून बसवलेल्या डॅशकॅमची किंवा ॲम्प्लिफायरची अर्थिंग थेट त्या टर्मिनलला जोडली, तर ती वीज सेन्सरच्या हिशेबातच येत नाही, आणि कॉम्प्युटरला बॅटरी भरलेली वाटत राहते. ती वायर बॉडीला जोडायची. आणि दुसरी बॅटरी आहे का, हे गाडीच्या पुस्तकात आजच बघून ठेवा. असेल तर दोन्ही तपासून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की यातून सुटका, असं कुणाला वाटत असेल तर थांबा. शेकडो व्होल्टचा मोठा पॅक खाली असला, तरी त्याला गाडीशी जोडणारे रिले दाबायला, दारं उघडायला, स्क्रीन जागी करायला बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत आजही वेगळी १२ व्होल्टची बॅटरीच लागते. ती उतरली, तर पॅक शंभर टक्के भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही. आणि यातल्या कित्येक गाड्यांत ती अजूनही प्लांते यांच्याच शिशा-आम्लाची आहे.