पैनगंगेकाठचा भूगोल आणि तो शिकवणारे मास्तर

आदिलाबाद जिल्ह्यात भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना पाऊणशे वर्षांत चार वेळा नकाशा नव्याने समजून घ्यावा लागला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. याच शेवटच्या फेररचनेत तामसी मंडलातून भीमपूर हे वेगळे मंडल निघाले. नकाशा इतक्या वेळा बदलला, पण तो शिकवणाऱ्याला कोणी, कोणत्या भाषेत आणि कशाच्या आधारे तयार केले, याचा इतिहास तुकड्यातुकड्यांतच सापडतो.

मराठीत भूगोलाचे पुस्तक आणि शिक्षकाचे प्रशिक्षण या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून पुढे आल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८३६ मध्ये ‘भूगोलविद्या गणितभाग’ हे पुस्तक लिहिले. १८४५ मध्ये मुंबईत शिक्षक घडवण्यासाठी अध्यापन वर्ग निघाला, तोही त्यांच्याच देखरेखीखाली. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या मागे १८६० च्या दशकात ‘मराठी शालापत्रक’ हे शिक्षकांचे मासिक कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि १८६८ पासून विष्णुशास्त्र्यांनी चालवले. सरकारने ते १८७५ मध्ये बंद केले. गावोगावच्या मास्तरांना शहराबाहेर न पडता नवे ज्ञान मिळण्याची ती एक मोठी सोय होती, आणि ती गेल्याचे नुकसान साधे नव्हते.

आदिलाबादच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेच्या दक्षिणेला मात्र ही परंपरा फारशी पोहोचली नाही. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे आणि कारभाराचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतच दिले जाई. मराठी घरातला मुलगा माध्यमिक शाळेत गेला की त्याचा भूगोल ‘जुगराफिया’ होई. नदी, डोंगर आणि माती ही घरातली नावे वर्गात दुसऱ्या भाषेतून परत शिकावी लागत. शिक्षकाला नवे कळण्याची वाटही त्याच भाषेतून जाई.

आदिलाबादेत शिक्षक घडवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न झाला तो डोंगराळ भागात. १९४० मध्ये जोडेघाट परिसरात कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालच्या गोंडांचा उठाव गोळीबाराने चिरडला गेला. जमीन आणि जंगल यांवरून इतका असंतोष का आहे, याचा शोध घेण्याची जबाबदारी निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्यावर टाकली. त्यांनी मारलावाई या गोंड खेड्यात मुक्काम ठेवला, आणि १९४३ मध्ये तिथेच गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. थोडीफार अक्षरओळख असलेले गोंड तरुण निवडून त्यांना मास्तर करायचे आणि त्यांनी आपल्याच मुलांना आधी गोंडीत शिकवायचे, अशी ती योजना होती. वाचनपाठ गोंडी भाषेत पण देवनागरी लिपीत तयार केले गेले. पश्चिम आदिलाबादेत मराठीचा वावर होताच, म्हणून ही लिपी तिथे परकी नव्हती.

या केंद्रातून बाहेर पडलेले काहीजण शिक्षक झाले, तर काही पटवारी, वनरक्षक आणि कारकून. भूगोलाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. पटवाऱ्याला गावनकाशा वाचता यावा लागतो आणि वनरक्षकाला जंगलाची हद्द ओळखता यावी लागते. ज्या हद्दींपायी गोंडांनी जमिनी गमावल्या, त्या कागदावर वाचणारी माणसे त्यांच्यातूनच उभी राहणे ही मारलावाईची खरी कमाई म्हणावी लागेल. मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी याच काळात आदिलाबादेत अधिकारी होते. त्यांनी गोंडांवर १९४९ मध्ये पुस्तक लिहिले, पुढे गोंडी आणि कोलामी भाषांची व्याकरणे केली. एखादी मोहीम टिकायची तर तिला असे वाहून घेणारे लोक लागतात. पण राज्य बदलले, भाषेचे धोरण बदलले आणि गोंडी माध्यम मागे पडले. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेटी यांची समाधी आजही मारलावाईत आहे.

शिक्षकांनी एकमेकांना शिकवण्याची रीत भूगोलात जगभर जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८९३ साली भूगोल शिकवणारी मोजकी माणसे एकत्र आली, ती मुळात मॅजिक लँटर्नच्या चित्रपट्ट्या एकमेकांना वापरायला देता याव्यात म्हणून. त्यातून त्यांची ‘जिऑग्राफिकल असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली. भारतात मद्रास जिऑग्राफिकल असोसिएशन १९२६ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिचे नियतकालिकही निघाले.

आंध्र प्रदेशात ही रीत सरकारी पातळीवर आली ती १९८० च्या दशकात. ब्रिटिश मदतीने चाललेल्या आंध्र प्रदेश प्राथमिक शिक्षण प्रकल्पाने शिक्षक केंद्रे उभारली, जिथे आसपासच्या शाळांचे मास्तर ठरावीक काळाने जमत. या प्रकल्पाच्या सहा तत्त्वांतले एक होते भोवतालच्या परिसराचा शिकवण्यासाठी वापर. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, आदिलाबादेतही एक आली. २०१९ पासून केंद्र सरकारचा ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे. पुढच्या वर्षी तो ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर मोबाईलपर्यंत आला.

याच दरम्यान पुस्तकही बदलले. नदीपलीकडे महाराष्ट्रात भूगोलाचे पाठ्यपुस्तक वेगळे असते, आणि बालभारती ही संस्था १९६७ पासून ती पुस्तके काढते. तेलंगणात सहावी ते दहावीला भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचे मिळून एकच ‘सामाजिक शास्त्र’ असते. शिक्षकाचे पदही ‘स्कूल असिस्टंट, सोशल’. म्हणजे केवळ भूगोलाचा असा शिक्षक माध्यमिक शाळेत नसतोच. २०१२ च्या सुमारास एकत्रित आंध्र प्रदेशात लिहिलेल्या सहावीच्या पुस्तकात सखल, पठारी आणि डोंगराळ प्रदेश खऱ्या गावांमधून समजावले आहेत: कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातले पेनमकुरू, पठारावरचे डोकूर, डोंगरातले पेनुगोलू. ही पद्धत उत्तम आहे. पण पैनगंगेकाठच्या मुलाने यातले एकही गाव पाहिलेले नसते. ती जागा भरायची तर शिक्षकाला स्वतःच्या गावाचा पाठ रचता यायला हवा.

नदीकाठच्या भीमपूर मंडलासाठी असा पाठ रचायला साहित्य हाताशीच आहे. मे महिन्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा मुलांना पट्टीने मोजता येतात. पावसाळ्यात त्याच मातीची ओली गोळी अंगठ्याने दाबली की तुटण्याआधी तिची लांब पट्टी निघते, आणि कापूस इथे का पिकतो हे हातालाच कळते. नाल्याचे पाणी पुढे कुठे जाते, हे शोधत गेले तर पैनगंगा, मग वर्धा, वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहिता, काळेश्वरजवळ गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर असा सगळा रस्ता उलगडतो. यवतमाळच्या काठावरचे मूलही हाच रस्ता काढेल, फक्त त्याच्या पुस्तकात राज्याचे नाव वेगळे असेल.

तेलंगण मराठी माध्यमासाठी पाठ्यपुस्तके काढते, पण शिक्षकांची प्रशिक्षणे मुख्यतः तेलुगू आणि इंग्रजीत चालतात. २०१८ च्या कायद्याने सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली. मराठीतल्या भूगोलाच्या बहुतेक प्रशिक्षण-पुस्तिका पुण्यामुंबईत, दुसऱ्या राज्याच्या अभ्यासक्रमासाठी तयार होतात. सीमेवरच्या ‘सोशल’च्या सरांना परिभाषा बालभारतीतून घ्यावी लागते, उदाहरणे तेलंगणाच्या पुस्तकातून आणि पैनगंगा शाळेच्या मागच्या बाजूने.