जॉन बरिज : २९ क्लबांचा गोलकीपर

जॉन बरिज हे नाव इंग्लंडच्या मोठ्या फुटबॉलपटूंच्या यादीत सापडणार नाही. देशाच्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. तरी जवळजवळ ३० वर्षं, २९ क्लब आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या लीगमध्ये मिळून ७७१ सामने, एवढा त्याचा हिशोब आहे. क्लबचा ‘स्टार’ नसलेल्या, पण पोटापाण्यासाठी गावोगाव खेळत फिरणाऱ्या व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य कसं असतं, हे बघायचं तर बरिजकडे बघावं. मित्रमंडळीत त्याचं नाव ‘बजी’, म्हणजे पिंजऱ्यातला छोटा पोपट.

जन्म ३ डिसेंबर १९५१ चा, वायव्य इंग्लंडमधल्या वर्किंग्टनजवळचा. १९६९ मध्ये तिथल्याच क्लबकडून सुरुवात. वर्किंग्टन तेव्हा चौथ्या विभागात होता, पुढे १९७७ मध्ये तो लीगमधूनच बाहेर पडला. बरिज त्याआधीच ब्लॅकपूलला गेला होता. १९७१ चा अँग्लो-इटालियन कप ब्लॅकपूलने बोलोन्याला २-१ हरवून जिंकला, तेव्हा गोलमध्ये हा पोरगा होता. वय वर्षं १९.

१९७५ मध्ये अ‍ॅस्टन व्हिला. १९७७ च्या लीग कपची अंतिम लढत एव्हर्टनशी होती. दोनदा बरोबरी झाली, तिसऱ्या वेळी व्हिलाने ३-२ ने कप घेतला. एवढं होऊनही त्याच वर्षी क्लबने जिमी रिमरला आणलं आणि बरिजची जागा गेली. रिमर पुढे १९८१ चं लीग विजेतेपद आणि १९८२ चा युरोपियन कप जिंकलेल्या संघात राहिला. बरिज तोवर साउथएंडला उसनवारीवर जाऊन, क्रिस्टल पॅलेसला दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवून देऊन क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये पोचला होता. तिथेही तसंच. १९८२ ची एफए कपची फायनल रेंजर्सने खेळली ती पीटर हकरला गोलमध्ये उभं करून.

गोलकीपरचं दुखणं हेच आहे. फॉरवर्डला संघात दोन-तीन जागा असतात, मिडफिल्डरला चार. गोलकीपरला एकच. नवा मॅनेजर आला, त्याला दुसरा कुणी आवडला, की जुन्याने एक तर बाकावर बसायचं किंवा बॅग भरायची. बरिजने दरवेळी बॅग भरली. वुल्व्ह्‌ज (तिथे १९८३ मध्ये वरच्या विभागात बढती), डर्बी, शेफील्ड युनायटेड, साउदॅम्प्टन, न्यूकॅसल. १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या हिबर्नियनमध्ये गेला आणि ३९ व्या वर्षी स्कॉटिश लीग कप जिंकला. आदल्याच वर्षी हिबर्नियनवर शेजारच्या हार्ट्‌समध्ये विलीन होऊन संपण्याची वेळ आली होती, त्यामुळे एडिनबरात त्या कपचं मोल वेगळंच.

खरी धावपळ सुरू झाली ती १९९३ नंतर. स्कारबरो, लिंकन, एनफील्ड, अ‍ॅबरडीन, डंबार्टन, फाल्कर्क, नॉट्‌स काउंटी, डार्लिंग्टन, ग्रिम्सबी... काही ठिकाणी मोजके सामने, काही ठिकाणी एखादाच. आज हे असं जमलं नसतं. तेव्हा आजच्यासारखी ‘ट्रान्सफर विंडो’ नव्हती, ती इंग्लंडमध्ये २००२-०३ च्या मोसमात आली. त्याआधी मार्च अखेरपर्यंत केव्हाही खेळाडूची नोंदणी करता येई. त्यात नव्वदच्या दशकात बाकावर राखीव गोलकीपर ठेवण्याची पद्धत रुळली. लहान क्लबांना दोन पगार परवडत नाहीत, आणि पहिल्याचा खांदा किंवा बोट दुखावलं की शनिवारच्या सामन्याला माणूस हवाच. अशा वेळी फोन बरिजला.

मँचेस्टर सिटीकडून खेळला तोही असाच, अडीनडीला. १४ मे १९९५ रोजी क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध तो गोलमध्ये होता. सिटी २-३ ने हरली. बरिजचं वय त्या दिवशी ४३ वर्षं १६२ दिवस, आणि प्रीमियर लीगमधला सर्वांत वयस्कर खेळाडू हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

एवढी वर्षं टिकला तो वेडापायी. हातमोजे घालून झोपायचा, टीव्ही बघताना बायकोला अचानक फळं फेकायला सांगून झेलायचा, हे त्यानेच सांगितलेलं. गंमत म्हणून हे किस्से चालतात. पण खेळणं थांबलं तेव्हा हाच माणूस डिप्रेशनमध्ये गेला आणि त्याला प्रायरी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. ‘बजी’ या २०११ च्या आत्मचरित्रात त्याने हे लपवलेलं नाही. १५ व्या-१६ व्या वर्षापासून शनिवार म्हणजे सामना, एवढंच माहीत असलेल्या माणसाला मोकळा शनिवार किती जड जातो, हे पेन्शनीत निघालेल्यांना वेगळं सांगायला नको.

पुढे तो ओमानमध्ये राष्ट्रीय संघाच्या गोलकीपरना शिकवायला गेला. मस्कत गोवा-रत्नागिरीच्या घरांना परकं नाही, पण इंग्लिश गोलकीपरने संसार थाटावा असं गाव नक्कीच नव्हे. तिथे त्याला अली अल-हब्सी सापडला. विमानतळावर अग्निशमनाची नोकरी करणारा तरुण. बरिजने त्याला घडवलं, युरोपात त्याच्यासाठी शब्द टाकला. अल-हब्सी २००३ मध्ये नॉर्वेच्या लिन ऑस्लोत गेला, २००६ मध्ये बोल्टनमध्ये, मग विगनमध्ये. प्रीमियर लीगमध्ये खेळलेला तो पहिला ओमानी.