मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना ही महाराष्ट्र शासनाची महिलांना दरमहा आर्थिक साहाय्य देणारी योजना आहे. मध्य प्रदेशातील लाडली बहना योजनेच्या (२०२३) धर्तीवर आखलेली ही योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. महिला व बाल विकास विभाग ती राबवतो. पात्र महिलेच्या आधार-संलग्न बँक खात्यात दरमहा १,५०० रुपये थेट जमा होतात.

== पात्रता ==
लाभार्थी महिला २१ ते ६५ वर्षे वयाची व राज्याची रहिवासी असावी आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांहून अधिक नसावे, या मुख्य अटी आहेत. प्राप्तिकर भरणारी, कायम शासकीय नोकरी असलेली किंवा ट्रॅक्टर वगळता चारचाकी वाहन बाळगणारी कुटुंबे अपात्र ठरतात. पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट आहे.

अधिवास प्रमाणपत्राऐवजी १५ वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला ग्राह्य धरला गेला. परराज्यात जन्मलेल्या विवाहितेसाठी पतीची कागदपत्रे चालतात. ही सवलत स्थलांतरितांच्या शहरांत विशेष महत्त्वाची ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार ८,०९,३७८ लोकसंख्या असलेले मीरा-भाईंदर हे असेच शहर आहे. तेथील मीरा रोड (पूर्व) भागातील नया नगर ही मुस्लिमबहुल वस्ती असून १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मीरा रोड परिसरात स्थायिक झाली. घर बदलले तरी जुन्या पत्त्यावरच राहिलेली शिधापत्रिका किंवा परगावच्या शाळेतला दाखला ही अशा कुटुंबांपुढची व्यावहारिक अडचण असते. तिचा उत्पन्नाशी काही संबंध नसतो.

== पडताळणी आणि टीका ==
ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले दोन हप्ते एकत्र देण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणूक झाली. या काळात अर्ज वेगाने मंजूर झाले व लाभार्थींची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली. काटेकोर छाननी मात्र निवडणुकीनंतर सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे आढळून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केल्याचे मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले. १४ हजारांहून अधिक पुरुषांनी लाभ घेतल्याचेही वृत्त प्रसिद्ध झाले.

त्यानंतर सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीची करण्यात आली. तीत लाभार्थीबरोबरच तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. दोघेही हयात नसलेल्या किंवा घटस्फोटित महिलांची त्यामुळे कोंडी झाली. पुढे मुदत वाढवून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश सादर करण्याचा मार्ग खुला झाला. तरीही पतीने सोडून दिलेल्या परंतु कायदेशीर घटस्फोट न झालेल्या स्त्रीकडे यांपैकी एकही कागद असण्याची शक्यता कमीच. योजनेच्या उद्देशाशी सर्वांत जवळचा गट हाच, आणि तोच तपासणीत अडखळतो.

योजनेवरील टीकेचा दुसरा भाग निधीविषयी आहे. २०२४-२५ साठी वार्षिक ४६,००० कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद झाली. निवडणुकीत आश्वासन दिलेली २,१०० रुपयांची वाढ त्या अर्थसंकल्पात नव्हती. सामाजिक न्याय विभागाचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी २०२५ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली.