दलदलीतील वस्त्र आणि हरवलेला माग

तंजावरच्या बाजूस नोकरीनिमित्त गेलेल्या आमच्या वाचकांनी तरंगंबाडीचा डॅन्सबोर्ग किल्ला पाहिला असेल. मधली काही वर्षे वगळता १६२० पासून १८४५ पर्यंत हे ठाणे डेन्मार्ककडे होते. तंजावरास भोसल्यांचे राज्य आल्यावर ठाण्याचा वार्षिक कर त्यांच्या दरबारी जाई, आणि डॅनिश जहाजे येथून सुती कापड भरून नेत. आपल्या विणकरांच्या या गिऱ्हाइकाची स्वतःची विणकला लोकरीची व तीन हजार वर्षांहून जुनी आहे, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

१९२१ साली जटलंडमधील एग्टवेड येथे एका प्राचीन टेकाडाखाली ओकच्या खोडाची शवपेटी निघाली. इ. स. पूर्व १३७० च्या सुमारास पुरलेल्या त्या सोळा-अठरा वर्षांच्या मुलीचा देह बहुतांशी नाहीसा झाला होता. तिची लोकरीची चोळी आणि दोऱ्यांचा आखूड घागरा मात्र शाबूत होता. हुल्ड्रेमोसच्या दलदलीनेही अशीच जुनी लोकरी वस्त्रे जपली. त्यांतील एक झगा अखंड नळीसारखा विणलेला आहे. वस्त्र हाती आले, पण माग मिळाला नाही. दोन दांड्यांचा माग सुटा केला की उरतात त्या निव्वळ काठ्या; मातीत त्यांची ओळख कशी राहावी?

हे कोडे मार्गरेथ हाल्ड (१८९७-१९८२) या विदुषींनी उकलले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी दाखविले, की ताण्याचे धागे दोन दांड्यांभोवती फिरवून एका आडव्या दोरीपाशी परत वळविले, तर कापडाची नळी तयार होते. ती दोरी ओढून घेतली, की तेच कापड सपाट उलगडते. पुढे १९६२ साली त्यांनी बोलिव्हियातील चिरिग्वानो लोकांच्या अशाच एका नळीदार कापडावर निबंध लिहिला. ते कापड अर्धवट विणलेले होते, आणि म्हणूनच मोलाचे होते. पुरे झालेले वस्त्र जे लपविते, ते अपुरे वस्त्र सांगते.

आम्हांस यात आपल्यापुरता एक बोध दिसतो. परप्रांती आम्ही हातमागाची लुगडी-धोतरे हौसेने घेतो, पेटीत जपून ठेवतो आणि कला जपल्याचे समाधान मानतो. पण पेटीत राहते ते वस्त्र. ताणा कसा लावला, फणी कशी भरली, हे विणकराच्या घरातच राहते, आणि मुलाने दुसरा धंदा धरला की तेथूनही जाते. बदलीच्या गावी एखादा माग चालू असेल, तर घटकाभर तेथे बसावे, पाहावे, विचारावे, टिपून ठेवावे. डेन्मार्कच्या पंडितांस दलदलीपाशी जे विचारता आले नाही, ते आपल्याला अजून माणसास विचारता येते.