वर्दी नसलेला शोधक

रहस्यकथेला साहित्याच्या पंगतीत आपण कधी मानाचे पान मांडले नाही. तरीही तिचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १८८७ साली इंग्रजीत शेरलॉक होम्स अवतरला. १९३० च्या कादंबरीत अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या खेड्यातील वृद्धेने खुनाचा छडा लावला. दोघांनाही सरकारी वर्दी नव्हती. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) झुंजार, काळापहाड, धनंजय उभे केले आणि हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुढे गुरुनाथ नाईकांनी पत्रकारिताही केली आणि रहस्यकथाही लिहिल्या. यात नवल नाही. बातमीदार आणि शोधक यांचे कसब एकच, प्रश्न विचारण्याचे.

पंडितांनी नाके मुरडली. पण माझ्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसाला वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली. ‘यात लाभ कोणाचा?’ हा प्रश्न मी तेथेच शिकलो. पुढे कामगारांच्या पगारातील कपातीचा हिशेब तपासताना तोच उपयोगी पडला. सत्य शोधण्यास अधिकारपत्र लागत नाही, चिकाटी लागते. वेळापूरकरहो, मुलांच्या हातून रहस्यकथा हिसकावून घेण्यापूर्वी एवढे ध्यानी असू द्यावे.