तळटीप ७ : चापू

चापू हे मलिक अंबरचे बालपणीचे नाव. जन्म इथिओपियात, सुमारे १५४८. गुलाम म्हणून विकला जात तो बगदादमार्गे दख्खनेत आला; निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. पुढे हाच हबशी निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. शालेय इतिहासात तो बहुधा नगरजवळच्या भातवडीच्या लढाईपुरता (१६२४) भेटतो; आईपासून तुटलेले ते पोर मात्र कुठेच दिसत नाही. अशीच उणीव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांनाही होती; त्यांना आपला वारसा वाचायला मिळावा म्हणून विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी न्यूयॉर्कहून १९२०-२१ मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक चालवले. त्याचे साहित्य-संपादन जेसी फॉसेट यांनी केले. त्याच आस्थेने लिहिलेले, चितारलेले चापूचे पुस्तक नगरच्या मुलांच्या हाती पडायलाच हवे. — संपा.